पोट बघायचं राहून गेलं

रोज सकाळी बरोबर सहा वाजता आईच्या फोनवर एक शब्द येतो, 'उठले'. त्या एका शब्दाने गेले काही दिवस आईची झोप उडवली आहे.

मोजू परगावच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली त्याला सहा वर्षं झाली आणि हा शब्द सहा वर्षं येतोच आहे. पण पूर्वी तो कधी पावणेसहाला यायचा, कधी साडेसहाला, रात्री तातडीचं बोलावणं आलेलं असलं की थेट दहाला. आणि त्याला काहीतरी शेपूट असायचं. 'उठले, नळाला पाणी नाही.' 'उठले, पण अंथरुणाचा निरोप अजून घ्यायचाय.' दोन महिन्यांपूर्वी शेपूट गळालं. शब्द मात्र सहाच्या ठोक्याला हजर राहू लागला. रविवारी सहा, सुट्टीला सहा, रात्रभर कामावर असली तरी सहा. बाबांनी एकदा चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ धरून तारखा खालीवर केल्या आणि म्हणाले, "अगं, ही मोजू नाही पाठवत. फोनच पाठवतोय. वेळ लावून ठेवता येते त्यात."

म्हणजे मोजू उठली की नाही, हे त्या शब्दावरून कळत नव्हतंच. उद्या ती उठलीच नाही तरी शब्द येईल. परवाही येईल. हा विचार एकदा आईच्या डोक्यात शिरला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

मोजू हे काही तिचं खरं नाव नव्हे. चार वर्षांची असल्यापासून ती दिसेल ते मोजायची. जिन्याच्या पायऱ्या बावन्न. समोरच्या घराच्या खिडक्यांचे गज अकरा, त्यातला एक वाकडा. पाहुणे आले की त्यांच्या चपला मोजून आत येऊन सांगायची की सात आहेत, एक कुठेतरी गेली. बाबांनी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. हा गुण कोणाचा, यावर घरात वाद नव्हता. आई कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं होती. परत आलेलं प्रत्येक पुस्तक ती चित्रांच्या पानांसकट तपासून मगच कपाटात ठेवायची. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायची, जिना उतरून गेल्यावर गॅसचं बटण बघायला परत वर यायची. बाबा म्हणायचे, आमच्या घराला कुलूप लावायला अर्धं मिनिट लागतं आणि ते लागलंय याची खात्री पटायला पाव तास. मोजू आईच्या बाजूने उभी राहायची. म्हणायची, बाबा, आजवर चोरी झाली का? नाही ना? मग.

अशी मुलगी कॅथलॅबमध्ये लागली तेव्हा आईला वाटलं, देवाने जागा शोधून दिली. कॅथलॅब म्हणजे जिथे मनगटातल्या किंवा मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक तार सरकवत हृदयापर्यंत नेतात आणि अडलेली वाट मोकळी करतात. पहिल्याच सुट्टीत मोजूने स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून सगळं समजावून सांगितलं होतं. खोली कायम गार. अरुंद टेबल, त्यावर माणूस, डोक्यावर फिरणारं यंत्र, भिंतीवर पडदे. सगळ्यांच्या अंगावर शिशाचे जड झगे, संध्याकाळी खांदे भरून येतात. आणि तार आत असताना रक्त त्या तारेवर धरू नये म्हणून एक औषध शिरेतून द्यावं लागतं, हिपॅरिन. रक्त पातळ ठेवणारं.

"कमी पडलं तर तारेवर गुठळी धरते आणि माणूस टेबलावरच जातो," मोजू म्हणाली होती. "जास्त झालं तर कुठूनही वाहायला लागतं. मधली वाट एवढीशी आहे, आई." तिने अंगठा आणि तर्जनी यांच्यात तांदळाच्या दाण्याइतकं अंतर धरून दाखवलं.

त्या एवढ्याशा वाटेवर मोजूचं सगळं कौशल्य उभं होतं. पेशंटला वजन विचारायचं नाही, काट्यावर उभं करायचं, कारण डोस किलोवर ठरतो आणि माणसं वजन सांगताना बारीक होतात. औषधाच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात आणि दिसायला सख्ख्या बहिणी. त्या एका खणात ठेवायच्याच नाहीत. हा नियम तिने स्वतः भांडून लावून घेतला होता. डॉक्टरांनी डोस सांगितला की तो मोठ्याने परत म्हणायचा, औषध भरताना दुसऱ्या कोणालातरी बाटली दाखवायची, दिलं की वेळ सांगायची आणि तंत्रज्ञाने ती फळ्यावर लिहायची. मग थेंबभर रक्त एका छोट्या यंत्रात घालायचं, ते गोठायला किती सेकंद लागतात ते बघायचं आणि काम लांबलं तर अर्ध्या तासाने परत. आई ऐकताना मान डोलवायची. कुलूप ओढून बघणाऱ्या बाईला हे सगळं घरचंच वाटायचं.

आणि एक गोष्ट मोजूची स्वतःची होती. कागदावर ती कुठेच नव्हती.

ज्यांच्या छातीत आधीच दुखलेलं असतं अशा पेशंटना वॉर्डात रक्त पातळ करणारं दुसरं एक इंजेक्शन देतात, पोटावर, कातडीखाली, बारा बारा तासांनी. ते दिलेलं असेल आणि त्यावर खाली कॅथलॅबमध्ये पुन्हा पूर्ण हिपॅरिन दिलं तर दोन्ही एकमेकांवर चढतात. गंमत म्हणजे ते सेकंद मोजणारं यंत्र पोटातल्या त्या औषधाला नीट ओळखतच नाही. त्याचा आकडा चांगला दिसतो आणि आत माणूस पाण्यासारखा पातळ झालेला असतो. म्हणून कोणतं इंजेक्शन कधी दिलं, हे खाली येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं. असायला हवं. पण मोजूचा कागदावर विश्वास नव्हता. पाळी बदलताना नोंदी राहतात हे तिने शिकत असताना वॉर्डात स्वतः केलेलं आणि पाहिलेलं होतं. पेशंटला विचारावं तर तो घाबरलेला, अर्धा गुंगीत, त्याला काल आणि आज एकच. म्हणून ती पोट बघायची. टेबलावर घेतलं की गाऊन वर करून बेंबीच्या दोन्ही बाजूंना नजर टाकायची. कालची सुई असेल तर निळसर डाग, आजची असेल तर लाल टिंब आणि भोवती किंचित गुलाबी. शंका आली की बोट टेकवून विचारायची, इथे दुखतं का? सगळं मिळून पाच सेकंदांचं काम. सहा वर्षांत तिने अशा पोटांवरून चौदा वेळा औषध थांबवलं होतं. चौदा हा आकडा अर्थातच तिने मोजलेला.

तिच्याबरोबरचा दाढीवाला तंत्रज्ञ तिला ज्योतिषीबाई म्हणायचा. लोक हात बघतात, ही पोट बघते. कोणी नवा डॉक्टर आला की तो ओळख करून द्यायचा, या आमच्या ज्योतिषीबाई, यांनी पाहिल्याशिवाय मुहूर्त लागत नाही. पुढे पुढे मोठे डॉक्टरही हातात सुई घेऊन थांबायचे आणि विचारायचे, काय म्हणतात ग्रह? मोजू म्हणायची, ग्रह शांत आहेत, सुरू करा. घरी हे सांगताना ती इतकी हसायची की बाबांनी तिला स्वतःचं पोट दाखवून विचारलं, माझं भविष्य काय? मोजू म्हणाली, आणखी वाढणार.

हे सगळं दोन महिन्यांपूर्वीपर्यंतचं.

त्या दिवशी सकाळी पहिल्या पेशंटला ताप निघाला म्हणून त्याचं काम रद्द झालं आणि मागचा पेशंट आयत्या वेळी पुढे घेतला. किल्ल्या बनवणारा माणूस होता, साठीचा, बाजारात छोटंसं दुकान. चाळीस वर्षं किल्ल्या घासणाऱ्या यंत्राशेजारी बसून त्याचे कान गेले होते आणि तो कानात यंत्र घालायचा. वॉर्डात सकाळी साडेसहाला रात्रपाळीच्या मुलीने त्याच्या पोटावर सुई दिली. सातला पाळी बदलली. नोंद नंतर करू म्हणून राहिली आणि मुलगी घरी गेली. घाईघाईत त्याला खाली आणलं. अंगठी, दात, कानातलं यंत्र, सगळं काढून बायकोच्या हातात दिलं.

आणि मोजूने त्या दिवशी पोट पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, सात हजार. मोजू म्हणाली, सात हजार. तिने बाटली दाखवली, वेळ सांगितली, फळ्यावर नऊ एक्केचाळीस लागलं. नियमाचं सगळं झालं. यंत्राने आकडा दाखवला तोही चांगला. एक स्टेंट बसला. टेबलावरून उतरवताना किल्लीवाल्याने मोठ्या आवाजात विचारलं, "उघडलं का कुलूप, डॉक्टर?" आणि सगळे हसले. दुपारी त्याने चहा घेतला. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. सातच्या सुमाराला बायकोला म्हणाला, दुकानाची, आणि पुढचा शब्द त्याला सापडेना. डोक्यात रक्तस्राव झाला होता. रात्रपाळीची ती मुलगी तेवढ्यात कामावर आली, तिने कागद पाहिला आणि सांगितलं की सकाळची सुई दिली होती, नोंद राहिली. रक्त पातळ करण्याचा परिणाम उतरवणारं औषध असतं, ते दिलं, पण पोटातल्या सुईवर ते अर्धंमुर्धंच चालतं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मोजू चार दिवसांसाठी घरी आली ती त्यानंतर दहा दिवसांनी. सोबत एक कागद होता. रजा तिने मागितली नव्हती, दिली गेली होती.

पहिले दोन दिवस ती फक्त झोपली. तिसऱ्या दिवशी आई ओट्याशी असताना येऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं. नेहमीसारखं वेळांसकट, पण जणू दुसऱ्याच कोणाची हकिगत वाचून दाखवत असावी तसं. आईने तिला एकच विचारलं. तू पोट बघितल्याशिवाय राहत नाहीस. मग त्या दिवशी कसं?

"राहून गेलं," मोजू म्हणाली.

"पण राहिलं कसं?"

"राहून गेलं, आई. नको ना खोदूस."

आईने खोदलं नाही. आज तिला त्याचीच लाज वाटते.

खरी अडचण कागदाची होती. दर कामाचा एक छापील तक्ता असतो. त्यात एक ओळ आहे, 'आधी रक्त पातळ करणारं औषध घेतलं का, हे रुग्णाला विचारलं', आणि पुढे चौकोन. नियमाप्रमाणे त्या चौकोनात टिक आधी करायची. पण आधी हात मोकळे नसतात. मग सगळेच काम संपल्यावर तक्ता पुढे ओढतात आणि एका दमात वरपासून खालपर्यंत टिका मारून मोकळे होतात. मोजूनेही मारल्या होत्या. दुपारी, किल्लीवाला चहा पीत असताना. त्यामुळे कागद म्हणत होता की विचारलं. आता चौकशी समितीला मोजूकडून एवढंच लिहून हवं होतं, की मी रुग्णाला विचारलं आणि त्याने नाही असं सांगितलं. मेट्रन प्रेमाने समजावत होत्या. टिक तुझीच आहे ना, मग त्याखाली सही करायला काय जातंय? माणूस तर परत येत नाही. तुझी नोकरी राहील, वॉर्डातल्या मुलीची नुसती बदली होईल, फाइल बंद होईल.

"आणि त्याच्या बायकोला त्यांनी हेच सांगितलंय," मोजू म्हणाली. "मला ती जिन्यात भेटली. माझा हात धरला तिने. म्हणाली, सिस्टर, तुम्ही विचारलंत तेव्हा ते नाही म्हणाले का हो? त्यांना ऐकूच गेलं नसेल. यंत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी द्यायला हवं होतं ना आत?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी मान हलवली. कशी हलवली, आठवत नाही."

आईला त्या बाईचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तिच्यासमोर तिची स्वतःची मुलगी उभी होती, गाल आत गेलेली, अंगावर तीन दिवसांचा तोच कुर्ता. आईच्या डोळ्यांपुढे पोलीस आले, कोर्ट आलं, वर्तमानपत्रातला फोटो आला. एकतीस वर्षं एकही पान हरवू न दिलेली बाई, ती मुलीला म्हणाली, "कर सही आणि मोकळी हो. कोणाला आणि काय सिद्ध करून दाखवायचंय? मी सांगते म्हणून कर."

मोजूने आईकडे बराच वेळ पाहिलं. आईला वाटलं, ती चिडली असावी. पण ते चिडणं नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं, सुटका झाल्यासारखं आणि तरीही फार थकलेलं. "बरं," ती म्हणाली. टेबलाशी बसून सोबत आणलेल्या त्या कागदावर सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि दुसऱ्या दिवशी जायला जिना उतरली. आई वरून ऐकत होती. बावन्न पायऱ्या, एकही आकडा ऐकू आला नाही.

त्यानंतर शेपूट गळालं. सहाच्या ठोक्याचे शब्द सुरू झाले. फोन केला तर मोजू उचलायची नाही, संध्याकाळी दोन ओळी लिहायची, कामात होते, बरी आहे. दाढीवाल्या तंत्रज्ञाचा नंबर बाबांकडे होता. बाबांनी न राहवून एकदा त्याला विचारलं. तो आधी आढेवेढे घेत होता, मग बोलला. परतल्यावर मोजू पुन्हा टेबलाशी उभी राहायची, पण पोट बघायची नाही. म्हणजे बघायची, एकदा, दोनदा, पाचदा, गाऊन खाली करायची आणि परत वर करायची, आणि मग कोणालातरी म्हणायची, तुम्ही बघा, मला दिसत नाहीये. बाटली हातात घ्यायची आणि हात कापायचा. मोठ्या डॉक्टरांनी तिला हळूच बाजूला काढलंय, आता ती आतल्या खोलीत सामान लावते. तंत्रज्ञ म्हणाला, काका, तिला आता ज्योतिषीबाई म्हणायची माझी जीभ वळत नाही.

बाबा आता विनोद करत नाहीत. घरात दोघंच आणि मधे तो फोन.

काल आईने मोजूची कापडी पिशवी धुवायला काढली. चार दिवसांच्या त्या सुट्टीत ती विसरून गेली होती आणि आईनेही ती दाराच्या मागेच टांगून ठेवली होती, कारण तिच्यात मोजूचा वास होता. बाजूच्या कप्प्यात घडी केलेला एक कागद निघाला. मोजूचं गोल गोल अक्षर. सही केलेल्या कागदाच्या आधी कधीतरी तिने खरा जबाब लिहायला घेतला होता.

'९.३१, रुग्णाला आत आणलं. वजन काट्यावर ७२. ९.३६, टेबलावर घेतलं. ९.३८, पोट पाहण्यासाठी मी गाऊन वर करत असताना भिंतीवरच्या फोनवर मला'

आणि पुढे खोडलेलं होतं. नुसती रेघ ओढून नव्हे. पेन इतकं घासलं होतं की कागद फाटून पलीकडचं दिसत होतं. खाली पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, '९.४०, डॉक्टरांनी डोस सांगितला. मी पोट पाहिलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.' आणि तिथे संपलं होतं.

आई पिशवी मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. तिला काहीतरी आठवत होतं आणि ते आठवू नये असंही वाटत होतं. ती फार कोणाला फोन करत नाही, त्यामुळे तिच्या फोनमधली यादी लांबपर्यंत मागे जाते. तिने ती तारीख शोधली. नऊ बारा, मोजू, उचलला नाही. नऊ वीस, मोजू, उचलला नाही. नऊ सव्वीस. नऊ एकतीस. आणि त्याखाली, नऊ अडतीस, 'मोजू, कामाचा', एक मिनिट वीस सेकंद.

त्या दिवशी सकाळचा 'उठले' आला नव्हता. मोजूला लवकर बोलावलं होतं आणि घाईत ती विसरली होती. आई साडेसहापासून येरझाऱ्या घालत होती. बाबा म्हणाले होते, हजेरीमास्तर, एक दिवस रजा द्या पोरीला. पण आईचं मन ऐकेना. आत जाताना मोबाइल कपाटात ठेवावा लागतो, हे तिला माहीत होतं. म्हणून अगदीच अडलं तर, या अटीवर मोजूने कधीतरी दिलेला कॅथलॅबमधल्या भिंतीवरच्या फोनचा नंबर तिने लावला. कोणीतरी उचलला. आईने सांगितलं, मी तिची आई बोलतेय, जरा देता का, तातडीचं आहे. मग लांबून हाक ऐकू आली, ज्योतिषीबाई, आईचा फोन, तातडीचा. त्या हाकेचं आईला तेव्हा हसूही आलं होतं.

"काय झालं, आई?" मोजूचा आवाज घाबरलेला होता.

"काही नाही गं. मेसेज नाही आला तुझा. बरी आहेस ना?"

"आई, मी आत आहे. पेशंट टेबलावर आहे."

"बरं बरं. काही खाल्लंस का सकाळी?"

"हो. ठेवू?"

आणि आईने फोन ठेवला होता. जीव भांड्यात पडला होता तिचा. मग तिने निवांत आंघोळ केली होती, हे तिला काल लख्ख आठवलं. ती आंघोळ करत होती तेव्हा तिकडे फळ्यावर नऊ एक्केचाळीस लागलं असणार.

मोजूला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ओट्याशी उभी राहून सगळ्या वेळा सांगितल्या तेव्हा तिने नऊ अडतीस तेवढं गाळलं होतं. चौकशीत खरं लिहायचं तर त्या ओळीला पुढचे तीन शब्द लागत होते, आणि ते लिहिणं तिला जमलं नाही. एकदा आकडा कागदावर आला की कोणीही विचारलं असतं, फोन कोणाचा? नोकरीच्या भीतीने मोजूने सही केली असं आई समजत होती. आता तिला ती नजर कळली. मोजू खोटं बोलायला कारण शोधत होती आणि ते कारण खुद्द आईनेच तिच्या हातात ठेवलं. मी सांगते म्हणून कर.

रात्री आईने बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला. मग म्हणाले, आता उकरून काय मिळणार? फाइल बंद झाली आहे. आता मोजूने खरं लिहिलं तर आधी चूक केली आणि मग खोटी सही केली, दोन्ही तिच्या नावावर लागतील. नोकरी तर जाईलच, पुढे नर्स म्हणून कोणी उभं करेल का तेही सांगता येत नाही. बाबांचा एकही शब्द चुकीचा नव्हता. आईनेही रात्रभर तेच सगळं परत परत जोडून पाहिलं आणि कुठूनही वाट निघाली नाही. किल्लीवाला येणार नव्हता. मोजूचा हात पूर्वीसारखा स्थिर होईल याची खात्री नव्हती. फोन आईचा होता हे कळल्याने मोजूची चूक पुसली जात नव्हती. पाच सेकंद तिच्याकडे नंतरही होते, हे मोजूही जाणून होती, आणि आई तिला कितीही समजावायला गेली तरी ती हेच म्हणणार होती.

पण कुठेतरी एक बाई कानाचं यंत्र पर्समध्ये घेऊन बसली होती. ते आत दिलं असतं तर नवरा वाचला असता, असं तिला वाटत होतं. हे खोटं तिच्या गळ्यात मोजूच्या सहीने पडलं होतं आणि ती सही आईने करून घेतली होती. आणि मोजू रोज सकाळी तो भार घेऊन त्या सामानाच्या खोलीत जात होती, एकटी, आईला कळू नये म्हणून तोंड शिवून. दोन घरांत दोन बायका चुकीचं ओझं वाहत होत्या आणि ज्या बाईचं ते होतं ती इथे पलंगावर पडून छताकडे बघत होती.

सहा वाजले. फोन थरथरला. 'उठले.'

बाबा कूस बदलून झोपले होते. आई उठून स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली. तो कागद तिने आणला होता. गॅसच्या बटणाकडे तिचा हात सवयीने गेला आणि मधेच थांबला. आज बुधवार, मोजूची सुट्टी. ती खोलीवर असेल. भिंतीवरच्या त्या फोनचा नंबर आईने कालच पुसून टाकला होता. मोजूचा मोबाइल तिच्या उशाशीच असेल. ती उचलणार नाही, बहुतेक. मग पुन्हा लावायचा. तिने उचललाच तर बरी आहेस ना, खाल्लंस का, यातलं काही विचारायचं नाही. फक्त सांगायचं की पिशवीतला कागद सापडला, त्यातली अर्धी ओळ पुरी कर. 'मला' च्या पुढे 'आईचा फोन आला' असं लिही, माझं नाव घाल, आणि हवं असेल तर मी तुझ्याबरोबर येते, मेट्रनकडेही आणि त्या दुकानात, किल्लीवाल्याच्या बायकोकडेही. त्याने काही सुधारणार नाही, हेही सांगायचं, कारण ते खरं आहे आणि आता तरी तिच्याशी खरं बोलायला हवं.

आईने चष्मा लावला, यादीतलं 'मोजू' हे नाव शोधलं आणि ठरवलं, लावायचाच.